प्रकल्प नोंदी: मायोब्लास्टची मायोट्यूब होताना ऑटोफॅजी काय करते

६ जानेवारी २०२५

विषय पक्का झाला. मायोब्लास्टची (स्नायू घडवणाऱ्या सुट्या पेशीची) मायोट्यूब (अशा पेशी जुळून होणारी नळी) होताना ऑटोफॅजी (पेशीने आपल्याच आतल्या वस्तू मोडून परत वापरणं) वाढते का, आणि तिची वाट अडवली तर स्नायू घडणं अडतं का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं छापून आलेलं आहे. माझ्या मार्गदर्शक मॅडमचा भर दुसऱ्यावर आहे आणि मलाही तोच पटतो. एखादी गोष्ट वाढलेली दिसली म्हणजे तिचं तिथे काही काम आहेच, असं धरून चालता येत नाही.

या नोंदी पुढच्या वर्षीच्या मुलांच्याही उपयोगी पडाव्यात, म्हणून पाया थोडक्यात लिहून ठेवते. आपल्या हातापायांच्या स्नायूंतला एकेक तंतू ही एकच लांबलचक पेशी असते आणि तिच्यात शेकडो केंद्रकं असतात. ही पेशी स्वतः विभागत नाही. दुखापत झाली की तिला चिकटून झोपलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात. अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ साली बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्या पाहिल्या. जाग्या झाल्यावर त्या वाढतात, मायोब्लास्ट होतात, विभागणं थांबवतात, एका रेषेत येतात आणि एकमेकींत विरघळून नळीसारखी मायोट्यूब बनवतात. गोल-चपट्या, विभागणाऱ्या पेशीचा संसार वेगळा आणि आकुंचन पावणाऱ्या नळीचा वेगळा. मग जुन्या संसारातल्या सामानाचं काय होतं? मला या प्रकल्पाकडे ओढलं ते याच प्रश्नाने.

ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपल्याच आतल्या वस्तू, खराब प्रथिनं, जुने मायटोकॉन्ड्रिया, दुहेरी पटलाच्या पिशवीत बांधून लायसोसोमकडे पोचवणं. तिथे त्यांचे तुकडे होतात आणि अमिनो आम्लं परत वापरात येतात. क्रिस्तियन द दुव यांनी लायसोसोम १९५५ मध्ये ओळखला, ऑटोफॅजी हे नाव १९६३ मध्ये दिलं. त्यामागची जनुकं मात्र हाती लागली ती योशिनोरी ओसुमी यांना, १९९३ साली, साध्या यीस्टमध्ये. त्यासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं.

१० जानेवारी

पेशी आल्या. पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या संग्रहातल्या सी२सी१२, उंदराच्या मायोब्लास्ट. या पेशींचं मूळ १९७७ सालचं. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत डेव्हिड याफे आणि ओरा सॅक्सेल यांनी उंदराच्या मांडीच्या दुखावलेल्या स्नायूतून त्या वेगळ्या केल्या. पुढे १९८३ मध्ये त्यातून निवडलेली उपशाखा म्हणजे सी२सी१२.

फ्लास्क गळ्यापर्यंत मीडियाने, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या द्रवाने, भरलेला होता. बाहेर कडाका आहे, निफाडकडून येणारी ज्युनियर कानटोपी घालूनच लॅबमध्ये शिरली. लॅब सांभाळणाऱ्या मामांनी आदल्या दिवशीच इन्क्युबेटर पुसून, ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडवर स्थिर करून ठेवला होता, त्यामुळे फ्लास्क थेट आत गेला. सकाळी पाहू.

१६ जानेवारी

पेशी भराभर वाढताहेत. या जातीच्या बाबतीत एक पथ्य कडक पाळायचं: तळाचा साठ-सत्तर टक्के भाग भरला की लगेच ट्रिप्सिन हे एन्झाइम लावून पॅसेज करायचा, म्हणजे पेशी सुट्या करून नव्या फ्लास्कमध्ये विरळ पसरायच्या. वाट पाहत बसलं तर ज्या पेशी जुळायला सर्वांत उत्सुक असतात त्या आधी जुळून जातात आणि पुढच्या फ्लास्कमध्ये जुळायला नाखूश पेशीच उरतात. असं काही पॅसेज झालं की पेशी दिसतात छान, वाढतात छान, पण स्नायू बनवत नाहीत. म्हणून सुरुवातीच्याच पॅसेजच्या व्हायल्स गोठवून ठेवल्या. रविवारची पाळी लावून घेतली आहे.

२२ जानेवारी

अडवायचं कशाने, यावर मॅडमबरोबर मोठी चर्चा झाली.

जुन्या शोधनिबंधांत ३-मिथाइलअ‍ॅडेनिन सर्रास दिसतं. ते वर्ग ३ च्या पीआय३ कायनेज या एन्झाइमला रोखतं, म्हणून पिशवी बनायलाच सुरुवात होत नाही. पण ते वर्ग १ च्या कायनेजलाही रोखतं, आणि त्या रस्त्यावर पुढे एकेटी हे प्रथिन बसलेलं आहे, ज्याच्याशिवाय मायोब्लास्ट जुळतच नाहीत. म्हणजे ३-मिथाइलअ‍ॅडेनिन घालून स्नायू बनला नाही, तर दोष ऑटोफॅजी थांबल्याचा की एकेटी थांबल्याचा? सांगता येणार नाही. मी ते यादीतून काढून टाकलं. माझं स्पष्ट मत आहे की मायोजेनेसिसच्या (स्नायू घडण्याच्या) प्रयोगात ते वापरूच नये.

राहिले दोन. बॅफिलोमायसिन ए१ लायसोसोमचा प्रोटॉन पंप बंद करतं, आम्लता उतरते, पिशव्या येऊन थांबतात पण रिकाम्या होत नाहीत. क्लोरोक्विनही लायसोसोममध्ये साठून आम्लता मारतं, आणि स्वस्त आहे. बॅफिलोमायसिन फक्त शेवटच्या काही तासांसाठी, मोजमापाला. क्लोरोक्विन दिवसभराच्या अडवणुकीसाठी.

२७ जानेवारी

आज ज्युनियरना फ्लक्स, म्हणजे ऑटोफॅजीतून ठरावीक वेळात किती माल वाहतो ते, समजावलं, कारण सगळ्या प्रकल्पाची मदार त्यावर आहे.

एलसी३ नावाचं प्रथिन पेशीत मोकळं फिरत असतं, त्याला एलसी३-१ म्हणतात. पिशवी बनू लागली की त्याला फॉस्फॅटिडिलइथॅनोलअमिन हे लिपिड जोडलं जातं आणि ते पिशवीच्या पटलाला चिकटतं. हे एलसी३-२. मायक्रोस्कोपखाली त्याचे ठिपके दिसतात. ठिपके वाढले की पोरं लिहून मोकळी होतात, ‘ऑटोफॅजी वाढली’. मी त्यांना विचारलं, आपल्या नाशिकच्या द्वारका चौकात संध्याकाळी गाड्यांची गर्दी दिसली, तर गाड्या जास्त आल्यात की पुढचा रस्ता बंद आहे? वरून काढलेल्या एका फोटोवरून हे कळणार नाही. पुढचा रस्ता आपणच थोडा वेळ बंद करायचा आणि तेवढ्या वेळात किती गाड्या साठल्या ते मोजायचं. बॅफिलोमायसिनशिवाय आणि बॅफिलोमायसिनसह, या दोहोंतला एलसी३-२ चा फरक म्हणजे फ्लक्स. नुसत्या एका पट्टीवरून निष्कर्ष काढणारा शोधनिबंध दिसला तर तो बाजूला ठेवायचा, मग तो कुठल्याही नियतकालिकातला असो.

३० जानेवारी

आज वाचन. एटीजी५ हे ऑटोफॅजीला लागणारं जनुक काढलेली उंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा वरकरणी ठीकठाक दिसतात, आणि एका दिवसाच्या आत मरतात. जन्मताच नाळेतून येणारा पुरवठा तुटतो आणि दूध अंगी लागेपर्यंत मध्ये उपासमारीचा काळ असतो. साध्या पिल्लांत या काही तासांत ऑटोफॅजी एकदम उसळते, विशेषतः हृदयात आणि श्वासाच्या पडद्याच्या स्नायूत, आणि एक-दोन दिवसांत पुन्हा खाली येते. हे २००४ मध्ये जपानी गटाने दाखवलं.

मला यातली गती महत्त्वाची वाटते. ठरावीक वेळी वर, काम झालं की खाली. आपल्या प्रयोगातही दिवसांच्या नोंदी जवळजवळ घ्यायला हव्यात. ०, १, ३, ५ असे दिवस ठरले, पण मी त्यात दुसरा दिवसही घातला.

३ फेब्रुवारी

पेशी सहा खान्यांच्या प्लेटमध्ये जवळपास भरल्या. १० टक्के गोवंशीय भ्रूण सिरमचा मीडिया काढला, दोनदा धुतलं, २ टक्के घोड्याच्या सिरमचा मीडिया घातला. वाढीचे संकेत असे अचानक तुटले की मायोब्लास्ट विभागणं सोडतात. दिवस शून्य.

५ फेब्रुवारी

मीडियात बऱ्याच पेशी तरंगताहेत. ज्युनियर घाबरली, तिला वाटलं कंटॅमिनेशन, बाहेरचे जंतू शिरले. मीडिया स्वच्छ आहे, रंग ठीक आहे, तळाच्या पेशी लांबट होऊन एका दिशेला वळल्या आहेत. तरंगतात त्या मेलेल्या आहेत आणि काही प्रमाणात हे व्हायचंच. गंमत अशी की कॅस्पेज-३, जे पेशी मारणारं प्रथिन म्हणून सगळे पाठ करतात, ते मायोब्लास्टना जुळण्यासाठीही लागतं. २००२ मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणजे या दिवसांत प्रत्येक पेशी मरणाच्या उंबऱ्यापर्यंत जाते, काही पलीकडे पडतात, बाकीच्या मागे फिरून स्नायू होतात. ऑटोफॅजी अडवली की पडणाऱ्यांची संख्या वाढते, असं २०१४ च्या एका कामात दिसतं. उंबऱ्यावर हात धरून ठेवणारं काही असेल तर ते हेच असावं, असा माझा अंदाज.

८ फेब्रुवारी

पाचवा दिवस. हूडजवळच्या जुन्या इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपखाली २० च्या भिंगातून पाहिलं. लांब, चकचकीत काठाच्या नळ्या, काही दृश्यक्षेत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या. केंद्रकं मधोमध ओळीने, काही ठिकाणी दोन-दोन शेजारी दाटलेली. एका नळीच्या टोकाला एक सुटी मायोब्लास्ट टेकलेली होती, तिचं टोक नळीच्या अंगावर पसरलेलं, मधली सीमारेषा अर्धी दिसत होती, अर्धी पुसलेली. मी बराच वेळ फोकस वर-खाली करत राहिले. मॅडम येऊन पाहून गेल्या, म्हणाल्या, ‘फोटो काढलास ना? मग आता प्लेट आत ठेव, थंड पडतेय.’

१३ फेब्रुवारी

ब्लॉट: प्रथिनं जेलमध्ये वेगळी करायची, पटलावर उतरवायची आणि अँटिबॉडीने हवं त्या प्रथिनाची पट्टी पाहायची. तपशील लिहिते, कारण एलसी३ चा ब्लॉट नखरेल आहे.

जेल १५ टक्क्यांचं. प्रथिन लहान आहे, साध्या जेलमध्ये ते रंगाच्या रेघेबरोबर खाली निघून जातं. पटल पीव्हीडीएफ, ०.२ मायक्रॉन छिद्रांचं. एलसी३-२ ला लिपिड जोडलेलं असूनही ते जेलमध्ये एलसी३-१ च्या खाली, म्हणजे जास्त वेगाने धावतं. लिपिडमुळे ते जास्त तेलकट होतं, त्याचा परिणाम. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

२ भागिले १ असं गुणोत्तर काढायचं नाही. अँटिबॉडी दोघांना सारखी चिकटत नाही आणि एलसी३-१ नमुना गोठवला-वितळवला की टिकत नाही. एलसी३-२ ची तुलना एकूण प्रथिनाशीच करायची. त्यातही बीटा-अ‍ॅक्टिन इथे चालत नाही: मायोब्लास्टची मायोट्यूब होताना बीटा-अ‍ॅक्टिन कमी होत जातं आणि स्नायूचं अल्फा-अ‍ॅक्टिन वाढतं. ज्याने मोजायचं ती फूटपट्टीच दिवसागणिक आखडत असेल तर मोजमापाला अर्थ नाही. आम्ही पॉन्सो रंगाने पूर्ण पट्टीतलं प्रथिन घेतलं.

१८ फेब्रुवारी

वेगवेगळ्या खेपांच्या पेशींवरचे ब्लॉट समोर ठेवून बसलो. बॅफिलोमायसिन न दिलेल्या पट्ट्यांत एलसी३-२ दिवसागणिक थोडंसंच वाढलेलं. नुसतं हेच पाहिलं असतं तर ‘फार फरक नाही’ असं लिहिलं असतं. बॅफिलोमायसिन दिलेल्या पट्ट्यांत मात्र पहिल्या आणि दुसऱ्या दिवशी साठवण ठळक दिसते, दिवस शून्यापेक्षा कितीतरी जास्त. तिसऱ्या दिवशीही आहे, पाचव्याला उतरती. वाहतूक वाढलेली होती, पण उपसाही तितकाच जोरात होता, म्हणून साध्या पट्टीत ती कळली नाही. दुसरा दिवस यादीत घातल्याचं समाधान वाटलं.

पी६२ या ऑटोफॅजीत मालाबरोबर पचणाऱ्या प्रथिनावर मी फारसा भर देणार नाही. ऑटोफॅजी चालू असेल तर ते कमी व्हायला हवं, हे खरं, पण त्याचं स्वतःचं उत्पादनही ताणाखाली वाढतं. आमच्याकडे ते ना धड वर ना धड खाली. परिशिष्टात जाईल.

स्नायू घडू लागल्याची खूण असलेलं मायोजेनिन पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून दिसू लागतं, आकुंचनाचं प्रथिन मायोसिन हेवी चेन त्यानंतर. म्हणजे फ्लक्सचा जोर आहे तो नळ्या दिसायच्या आधी.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. त्र्यंबकच्या रस्त्यावर पहाटेपासून गर्दी, आमच्याकडे कपालेश्वराचं दर्शन आटोपून आत्या आली. साबुदाण्याची खिचडी खाता खाता तिने फोन पुढे केला. ‘अगं, उपासाने पेशी आपोआप साफ होतात, त्यालाच नोबेल मिळालं म्हणे. तू याच्यावरच करतेयस ना?’

तिला जे सांगितलं ते इथे लिहून ठेवते, कारण हा प्रश्न प्रत्येकाला घरी येणार आहे. नोबेल उपासाला मिळालेलं नाही. ओसुमींनी यीस्टला नायट्रोजन मिळू दिला नाही, त्या पेशींच्या रिक्तिकेत (यीस्टमधली लायसोसोमसारखी पिशवी) साठलेले कण पाहिले, आणि ती यंत्रणा कोणत्या जनुकांवर चालते ते शोधलं. उपाशी उंदराच्या स्नायूत ऑटोफॅजी वाढते हे खरं आहे, ओसुमींच्याच परंपरेतल्या मिझुशिमा यांनी २००४ मध्ये चमकणारं एलसी३ असलेल्या उंदरांत ते दाखवलं. जलद आकुंचनाच्या स्नायूत जास्त, संथ स्नायूत कमी. पण त्या उंदराचा दिवस म्हणजे माणसाचा दिवस नव्हे. आणि लांबलेल्या उपासमारीत स्नायू साफ होत नाही, तो झिजतो. शरीर त्याच्यातली अमिनो आम्लं काढून यकृताला देतं. शिवाय खिचडीतला स्टार्च पोटात गेला की इन्शुलिन वर जातं, आणि इन्शुलिन ऑटोफॅजीला दाबतंच.

‘म्हणजे उपास सोडू?’ आत्याने विचारलं. म्हटलं, ‘तू देवासाठी करतेस ना, मग कर की. फक्त तुझ्या साखरेच्या गोळीची वेळ चुकवू नकोस, आणि हा मेसेज पुढे पाठवू नकोस.’ तिने माझ्यासमोर तो काढून टाकला. आत्या सत्तरीची आहे, गेल्या वर्षी कंबरेच्या ऑपरेशननंतर मांडी किती बारीक झाली ते मी पाहिलं आहे. या वयात स्नायू गमावणं सोपं आणि परत मिळवणं अवघड. सॅटेलाइट पेशी म्हाताऱ्या होताना त्यांची रोजची ऑटोफॅजी मंदावते, आत खराब मायटोकॉन्ड्रिया साठतात आणि त्या कायमच्या थिजतात, हे २०१६ मध्ये स्पेनच्या गटाने उंदरांत दाखवलं. तिच्या मांडीत नेमकं काय झालं ते मला सांगता येणार नाही, पण या प्रकल्पाची घाई मला का वाटते, ते मात्र सांगता येईल.

६ मार्च

क्लोरोक्विनचा मुख्य प्रयोग. एका गटाला दिवस शून्यापासून, दुसऱ्याला तिसऱ्या दिवसानंतर.

पहिल्या गटात नळ्या थोड्या आणि आखूड, एकेकटी केंद्रकं भरपूर, मायोसिनचा रंग पुसट. तरंगणाऱ्या पेशी जास्त. दुसऱ्या गटात नळ्या बनल्या आहेत, पण त्यांच्या पोटात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या. हे दृश्य दवाखान्यातही भेटतं: क्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांच्या स्नायूंत अशाच पोकळ्या होऊन अशक्तपणा येतो, औषध थांबवलं की सहसा सुधारतो.

याच्यावरून ‘ऑटोफॅजी नसेल तर स्नायू नाही’ असं लिहायला मी तयार नाही. क्लोरोक्विनने लायसोसोमच मंद पडतो, आणि लायसोसोम बाहेरून आत आलेला मालही पचवतो. दोष कोणत्या वाटेचा ते यातून वेगळं होत नाही. म्हणून एटीजी७ या ऑटोफॅजीच्या जनुकाचं एसआयआरएनए, म्हणजे त्या एकाच जनुकाचं काम कमी करणारा आरएनएचा तुकडा, मागवलं आहे.

१२ मार्च

रॅपामायसिन. मॅडमनी मुद्दाम हा प्रयोग दिला होता. रॅपामायसिन हे औषध एमटॉर या पेशीच्या वाढीला चालना देणाऱ्या प्रथिनाला दाबतं, एमटॉर ऑटोफॅजीला दाबतं, म्हणून रॅपामायसिनने ऑटोफॅजी वाढते. मग मायोट्यूब लवकर व्हायला हव्यात? झाल्या नाहीत. जवळपास काहीच जुळलं नाही.

छापील कामांतही हेच आहे: मायोब्लास्ट जुळण्यासाठी एमटॉर लागतं. म्हणजे एका बाजूला पेशीला एमटॉर जागं हवं, दुसऱ्या बाजूला त्याच काळात ऑटोफॅजी जोरात हवी, जिला एमटॉर एरवी दाबून ठेवतं. दोन्ही एकत्र कसं साधतं? एएमपीके हे कायनेज यूएलके१ या ऑटोफॅजी सुरू करणाऱ्या प्रथिनाला वेगळ्या जागी फॉस्फेट लावून ऑटोफॅजी सुरू करू शकतं, एमटॉर त्याच प्रथिनावर दुसऱ्या जागी, ७५७ व्या सेरीनवर, फॉस्फेट लावून ती रोखतं. या दोन जागांच्या अँटिबॉडी मिळाल्या तर दिवसवार चित्र काढता येईल. आमच्या बजेटमध्ये ते बसत नाही. पुढच्या गटाने हाच प्रश्न उचलावा, माझ्या मते सगळ्यात रसाळ गाभा इथे आहे.

१९ मार्च

रंगपंचमी. अर्धी लॅब रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, धप्पा मारायला गेली. मीडिया मी सकाळीच बदलला.

२५ मार्च

एसआयआरएनएचा निकाल. एटीजी७ कमी केलेल्या पेशींत नळ्या कमी आणि बारीक, क्लोरोक्विनइतक्या वाईट नाहीत, पण दिशा तीच. इथे लायसोसोम शाबूत आहे, म्हणून हा पुरावा मला जास्त वजनदार वाटतो.

सोबत मायटोकॉन्ड्रियाचा रंग पाहिला. साध्या पेशींत पहिल्या-दुसऱ्या दिवशी जाळं तुटून तुकडे दिसतात, नंतर पुन्हा दाट, लांब जाळं भरून येतं. विभागणारी मायोब्लास्ट मुख्यतः ग्लुकोज तोडून भागवते, मायोट्यूबला मायटोकॉन्ड्रियाची ऊर्जा लागते. २०१६ च्या एका कामानुसार पेशी आधी जुने मायटोकॉन्ड्रिया काढून टाकते आणि मग नवे उभारते, आणि काढणं अडलं तर उभारणीही अडते. एटीजी७ कमी केलेल्या आमच्या पेशींत पाचव्या दिवशीही तुकडेच. सहा जानेवारीला जो प्रश्न लिहिला होता, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारं चित्र हे आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर तेच घालते.

३ एप्रिल

बाहेरच्या परीक्षकांसाठी तयारी. ते विचारणार: पेशींच्या थाळीतलं खऱ्या स्नायूत लागू पडतं का?

उत्तर: स्नायूतलं एटीजी७ काढलेल्या उंदरांत २००९ मध्ये स्नायू झिजला, ताकद कमी झाली, आत विचित्र मायटोकॉन्ड्रिया साठले. माणसांत पॉम्पे आजारात लायसोसोममधलं ग्लायकोजन तोडणारं एन्झाइम नसतं, डॅनन आजारात लायसोसोमच्या पटलावरचं लॅम्प-२ नसतं. दोन्हींत न पचलेल्या पिशव्या स्नायूत साठत जातात. पॉम्पेवर बाहेरून एन्झाइम देण्याचा उपचार २००६ पासून आहे, आणि हृदयाला त्याचा जितका फायदा होतो तितका हातापायांच्या स्नायूंना होत नाही. साठलेल्या पिशव्या हे त्याचं एक कारण मानलं जातं.

दुसरा प्रश्न ठरलेला: मग ऑटोफॅजी वाढवणारी गोळी दिली तर? रॅपामायसिनची पट्टी दाखवायची.

८ एप्रिल

अहवाल मॅडमकडे दिला. निष्कर्षाचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं आणि एक शब्द बदलला: ‘आवश्यक’ च्या जागी ‘आवश्यक असल्याचं सूचित होतं’. एसआयआरएनएने एटीजी७ पूर्ण संपलेलं नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे.

पुढच्या गटासाठी: सुरुवातीच्या पॅसेजच्या व्हायल्स १० टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशींना जपणारं रसायन) द्रव नायट्रोजनच्या टाकीत, वरून दुसऱ्या रॅकमध्ये, निळी झाकणं. बॅफिलोमायसिनचे छोटे भाग उणे वीसला, प्रकाशापासून झाकलेले, एकदा वितळवलेला परत गोठवायचा नाही. टाकीतली नायट्रोजनची पातळी दर सोमवारी मामांबरोबर बघायची.